सरीना वीगमन : एका शिक्षिकेची संघबांधणी



शिक्षण परिषदेत खेळाचा विषय निघाला म्हणजे बहुधा साहित्याचा अभाव आणि मैदानाची अडचण यांवर चर्चा होते व तेथेच ती संपते. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. तथापि संघ निवडावा कसा, ज्याची निवड झाली नाही त्या मुलास काय सांगावे, हरून आलेल्या मुलांशी त्या दिवशी काय बोलावे, या प्रश्नांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मैदान असो वा नसो, हे प्रश्न शिक्षकापुढे वर्गातही रोज उभे राहतात. त्यांचा अभ्यास व्हावा या हेतूने प्रस्तुत लेखात एका परदेशी संघमार्गदर्शिकेचे कार्य थोड्या विस्ताराने मांडले आहे.

त्यांचे नाव सरीना वीगमन. युरोपातील राष्ट्रांच्या स्त्रियांच्या फुटबॉल स्पर्धेचे अजिंक्यपद त्यांच्या मार्गदर्शनाखालील संघांनी २०१७, २०२२ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन स्पर्धांत मिळविले. पहिले नेदरलँड्ससाठी, म्हणजे आपण ज्यास हॉलंड म्हणत आलो त्या देशासाठी. पुढील दोन इंग्लंडसाठी. दरम्यान २०१९ व २०२३ या दोन्ही विश्वचषक स्पर्धांत त्यांचे संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. यश एवढे मोठे असले तरी केवळ यशाकरिता त्यांची निवड मी केलेली नाही. या बाई मूळच्या शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. संघ हाताळण्याची त्यांची रीत बारकाईने पाहिली असता ती एखाद्या चांगल्या वर्गशिक्षिकेची रीत आहे असे दिसून येते, आणि म्हणूनच ती आपल्या उपयोगाची आहे.

सरीनाचा जन्म २६ ऑक्टोबर १९६९ रोजी द हेग या शहरी झाला. तिला एक जुळा भाऊ होता. घराजवळच्या रस्त्यावर व मैदानावर ती भावाबरोबर व इतर मुलांबरोबर चेंडू खेळे. त्या काळी तिकडेही मुलींनी फुटबॉल खेळणे रीतीस धरून मानले जात नसे. सहाव्या वर्षी वासेनार गावच्या एका क्लबात ती भावासोबत जाऊ लागली, तेव्हा मुलांत मिसळून जावे म्हणून तिने आपले केस आखूड कापून घेतले होते. खेळावयास मिळावे एवढ्यासाठी एका मुलीला मुलाचे सोंग घ्यावे लागले, ही गोष्ट सत्तरीच्या दशकातील युरोपमधील आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडील मुलींच्या अडचणींची कारणे केवळ आपल्या मागासलेपणात शोधणाऱ्यांनी तर ते अवश्य ध्यानात ठेवावे.

इंग्लंडची हकीकत याहूनही बोलकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी आपापले फुटबॉल संघ उभे केले. प्रेस्टन गावच्या ‘डिक, कर’ या कारखान्याच्या स्त्रियांचा संघ त्यांत अग्रेसर होता. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथील गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक जमले. एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असे ठरवून आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांस बंद केली. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. बंदी उठल्यानंतरही मुलींच्या अनेक पिढ्यांचे झालेले नुकसान भरून येण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या. मैदान बंद करणारा ठराव एका बैठकीत होतो; ते उघडण्यास फार काळ लागतो.

सरीना १७ व्या वर्षी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघात खेळू लागली व पुढे त्या संघाची कर्णधार झाली. एकंदर शंभराच्या घरात आंतरराष्ट्रीय सामने ती खेळली. असे असूनही तिच्या उमेदीच्या सर्व वर्षांत तिचा देश युरोपीय वा जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही पोहोचू शकला नाही. नेदरलँड्सच्या स्त्रियांना ती पात्रता प्रथम मिळाली २००९ साली, आणि श्रीमती वीगमन खेळातून निवृत्त झाल्या होत्या २००३ साली. ज्या स्पर्धांत खेळाडू म्हणून त्यांना पाऊल ठेवता आले नाही, त्याच स्पर्धा त्यांनी पुढे मार्गदर्शिका म्हणून जिंकल्या.

त्यांच्या घडणीत एका वर्षाचा वाटा फार मोठा आहे. १९८९ साली त्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकण्यास व खेळण्यास गेल्या. तेथील स्त्री-संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डॉरन्स हे होते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मिया हॅम व क्रिस्टीन लिली या त्या संघातील सोबतिणी होत्या, आणि त्या वर्षीचे राष्ट्रीय विद्यापीठ-अजिंक्यपद या संघाने मिळविले. तेथे त्यांना काय दिसले? मुलींसाठी राखलेले उत्तम मैदान, रोजचा नियमित सराव, सरावासाठी वेळापत्रकात मोकळी ठेवलेली वेळ, आणि मुलीने जिंकण्याची ईर्ष्या बाळगणे यात कोणालाही काही वावगे न वाटणे. मायदेशी परतल्यावर यातील जवळजवळ काहीच त्यांना आढळले नाही. जे पाहिले ते आपल्या देशात उभे करावयाचे, या ध्यासाचे मूळ त्या एका वर्षात आहे. आपल्या मुलींनी एखादी चांगली चाललेली शाळा, एखादे वाचनालय, एखादा सामना प्रत्यक्ष पाहणे किती मोलाचे असते, हे यावरून समजावे. शैक्षणिक सहलीचे ठिकाण ठरविताना देवस्थान व धरण यांपलीकडेही विचार करण्यास हरकत नाही.

परतल्यानंतर त्यांनी द हेग येथील सेखब्रूक कॉलेज या माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी धरली. दिवसा शाळा, सायंकाळी टेर लेडे या क्लबाचा सराव व सुटीच्या दिवशी सामने, असा त्यांचा क्रम होता. स्त्रियांच्या फुटबॉलवर त्या वेळी तिकडे कोणाचे पोट भरत नव्हते. २००६ साली त्याच क्लबाच्या स्त्री-संघाचे मार्गदर्शन त्यांच्याकडे आले व २००७ मध्ये संघाने साखळी स्पर्धा व चषक ही दोन्ही बक्षिसे मिळविली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये स्त्रियांची नवी राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, आणि त्या एडीओ डेन हाग या क्लबाच्या संघाकडे गेल्या. तेथे त्या सात वर्षे होत्या. पहिले साखळी अजिंक्यपद मिळाले २०१२ साली, म्हणजे पाचव्या वर्षी. २०१४ पासून त्या राष्ट्रीय संघाच्या साहाय्यक झाल्या. २०१६ च्या आरंभी प्रशिक्षकपदाची युरोपातील सर्वोच्च पात्रता त्यांनी मिळविली, आणि अखेर जानेवारी २०१७ मध्ये, स्पर्धा सहा महिन्यांवर आली असता, मुख्य मार्गदर्शिकेचे पद त्यांच्याकडे कायम झाले.

शाळेतील त्या वर्षांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. शारीरिक शिक्षणाच्या तासाला जी तीस-चाळीस मुले येतात, ती निवडलेली नसतात. त्यांत चपळ असतात, स्थूल असतात, भित्री असतात, खेळाचा मनापासून कंटाळा असणारीही असतात. क्लबाचा प्रशिक्षक नको असलेल्या खेळाडूस निरोप देऊ शकतो; शिक्षकास ती सोय नसते. समोर आलेल्या प्रत्येक मुलास काहीतरी काम द्यावे लागते, आणि त्याला करता येईल असे ते काम असावे लागते. सूचना एका वाक्यात द्यावी लागते, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत निम्मी मुले पळालेली असतात. मुलांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते की आज कोणाचे काही बिनसले आहे. श्रीमती वीगमन यांच्या संघात खेळलेल्या मुली त्यांच्याविषयी जे सांगतात त्यात तीन गोष्टी वारंवार येतात : प्रत्येकीला आपले काम नेमके ठाऊक असते, बाई जे असेल ते तोंडावर सांगतात, आणि खेळाडू म्हणून आपण कशा आहोत याबरोबरच माणूस म्हणून आपण कशा आहोत याचीही विचारपूस होते. शाळेत काही वर्षे काढलेल्या शिक्षकास यांतील एकही गोष्ट नवी वाटणार नाही. मोठ्या संघांच्या मार्गदर्शकांना मात्र ती साधतेच असे नाही.

२०१७ ची युरोपीय स्पर्धा नेदरलँड्समध्येच भरली होती. यजमान संघाने नॉर्वे, डेन्मार्क, बेल्जियम, स्वीडन व इंग्लंड यांना हरवून अंतिम फेरी गाठली आणि ६ ऑगस्ट रोजी एन्स्खेडे येथे डेन्मार्कचा ४–२ असा पराभव केला. सहापैकी सहा सामने जिंकले. अंतिम सामन्यात डेन्मार्कने सहाव्या मिनिटालाच गोल केला होता. तरी संघ बिथरला नाही व चारच मिनिटांत बरोबरी झाली. दोन वर्षांनी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, फ्रान्समधील लियाँ येथे अमेरिकेने त्यांना २–० असे हरविले. नेदरलँड्सच्या स्त्रिया विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

उपांत्य सामन्यात वीगमनबाईंच्या संघाकडून ३–० असा पराभव सोसलेल्या इंग्लंडने पुढे त्यांनाच बोलाविले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या इंग्लंडच्या संघाकडे रुजू झाल्या. ब्रिटनबाहेरील व्यक्तीची या पदावर कायम नेमणूक होण्याची ही पहिलीच वेळ. पुढील उन्हाळ्यात, म्हणजे २०२२ मध्ये, युरोपीय स्पर्धा इंग्लंडमध्ये होती आणि लोकांच्या अपेक्षेचे ओझे मोठे होते.

येथे त्यांच्या कार्यपद्धतीचा सर्वांत चर्चिला गेलेला भाग येतो. फुटबॉलमध्ये मैदानावर ११ खेळाडू असतात व काही राखीव खेळाडू बाकावर बसतात; सामना चालू असता त्यांतील काहींना बदली म्हणून आत घेता येते. २०२२ च्या स्पर्धेतील सहाही सामन्यांत श्रीमती वीगमन यांनी त्याच ११ खेळाडू सुरुवातीस उतरविल्या. असे युरोपीय स्पर्धेत पूर्वी कोणी केले नव्हते. वरवर पाहता हा हट्ट वाटेल, आणि काहींनी तसे म्हटलेही. परंतु बाकावरील मुलींचे काय झाले ते पाहावे. अलेसिया रूसो ही एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळली नाही, तरी तिने चार गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेन एका गोलाने पुढे असता, ८४ व्या मिनिटाला बदली रूसोने डोक्याने खाली दिलेला चेंडू बदली एला टूनने गोलात धाडला, आणि जादा वेळेत जॉर्जिया स्टॅनवेच्या गोलाने इंग्लंड जिंकले. ३१ जुलै रोजी वेम्बली येथे जर्मनीविरुद्ध अंतिम सामना झाला. तो २–१ असा जिंकून देणारे दोन्ही गोल बदली खेळाडूंचे होते : पहिला टूनचा, दुसरा ११० व्या मिनिटाला क्लोई केलीचा. केलीच्या गुडघ्यास आदल्या वर्षी गंभीर इजा झाली होती व ती स्पर्धेच्या अवघे काही महिने आधी मैदानावर परतली होती.

बाकावर बसलेली मुलगी रुसून बसली असती, आपला येथे उपयोग नाही असे मानून तिने मन काढून घेतले असते, तर हे घडले नसते. तिला आधीच सांगितलेले असे की तुझे काम सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचे आहे, तेव्हा प्रतिस्पर्धी थकलेले असतील, आणि तू काय करावयाचे ते असे असे. म्हणजे राखीव जागा हे नापसंतीचे ठिकाण राहिले नाही. तेही एक नेमून दिलेले काम झाले. सामना पाहण्यास ८७,१९२ प्रेक्षक होते. युरोपीय स्पर्धेच्या कोणत्याही सामन्यास, पुरुषांच्या वा स्त्रियांच्या, तोपर्यंत एवढे प्रेक्षक कधी जमले नव्हते. ज्या देशाने १९२१ साली मैदाने बंद केली, त्याच देशातील ही संख्या आहे.

त्या स्पर्धेपूर्वी काही आठवडे श्रीमती वीगमन यांची बहीण निवर्तली होती. तिचे कंकण त्या मनगटात घालीत; सामना संपल्याची शिटी झाली तेव्हा त्यांनी ते ओठांना लाविले. आपले दुःख त्यांनी खेळाडूंपासून लपविले नाही व त्याचे ओझेही त्यांच्यावर टाकले नाही. विजयानंतर त्या पत्रकारांशी बोलत बसल्या असता साऱ्या मुली गात-नाचत आत शिरल्या व एकीने टेबलावर चढून नाच केला. बाई हसत राहिल्या. शिस्त कडक असली म्हणजे मुले दुरावतात, असे मानणाऱ्यांनी हे दृश्य पाहावयास हवे होते.

आता स्पष्टपणाविषयी. स्टेफ होटन ही २०१४ पासून इंग्लंडची कर्णधार. दुखापतीतून ती पुरती सावरली नाही असे पाहून २०२२ च्या अंतिम संघात तिला घेतले नाही, आणि कर्णधारपद त्यापूर्वीच लिआ विल्यमसनकडे दिले होते. २०२५ मध्ये पहिल्या गोलरक्षकाची जागा हॅना हॅम्प्टन या तरुण खेळाडूकडे जात असता, पूर्वीच्या यशात मोठा वाटा असलेल्या मेरी अर्प्सने स्पर्धेच्या थोडे आधी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती जाहीर केली. अशा प्रसंगी खेळाडूस वाईट वाटते. त्यांतील काहींनी ते पुढे बोलूनही दाखविले. खरे सांगण्याची किंमत द्यावी लागते व ती किंमत मार्गदर्शिकेने दिली. त्यांच्या या वागण्यास काही लोक निष्ठुर म्हणतात. मला ते पटत नाही. निर्णय चूक की बरोबर यावर वाद होऊ शकेल. पण ज्या मुलीचे नाव यादीत नाही तिला ते भिंतीवरील कागदावरून किंवा मैत्रिणीच्या तोंडून कळावे, याहून अधिक निष्ठुर काही नाही. तालुका पातळीवरील स्पर्धेसाठी संघ निवडताना आपल्याकडे नेमके हेच घडते. निवडीच्या दिवशी नावे वाचली जातात, आणि जिचे नाव आले नाही ती दप्तर उचलून घरी जाते. तिला दोन मिनिटे बाजूला घेऊन कारण सांगितले, आणि पुढील वर्षासाठी काय करावे ते सांगितले, तर शाळेचा कोणता खोळंबा होणार आहे?

मात्र एका बाबतीत सावधगिरीची सूचना देणे मला अवश्य वाटते. ‘त्याच अकरा’ हे धोरण आपल्या शाळेने उचलू नये. श्रीमती वीगमन यांच्यापुढे देशातील निवडक २३ खेळाडू होत्या व तीन आठवड्यांत स्पर्धा जिंकावयाची होती. आपल्यापुढे सहा ते चौदा वयाची सर्व मुले असतात व काम आठ वर्षांचे असते. प्राथमिक शाळेत ज्या मुलीला दरवेळी बाकावर बसविले जाते ती बदली खेळाडू होत नाही, ती प्रेक्षक होते, आणि पुढे जन्मभर प्रेक्षकच राहते. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते प्रत्येकीस काम नेमून देण्याचे तत्त्व. प्राथमिक शाळेत त्याचा अर्थ असा की प्रत्येक मुलीचा पाय दर आठवड्यास चेंडूस लागला पाहिजे. श्रीमती वीगमन स्वतः शाळेत शिकवीत असता वेगळे काही करीत असतील असे मला वाटत नाही.

पराभव व अपयश यांविषयी थोडक्यात लिहितो. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी विल्यमसनसह तीन प्रमुख खेळाडू दुखापतींमुळे बाहेर होत्या. स्पर्धा चालू असतानाच आणखी एकीस इजा झाली, तेव्हा वीगमनबाईंनी संघाची रचनाच बदलली व पुढील सामन्यात चीनचा ६–१ असा पराभव केला. २०२२ मध्ये जराही बदल न करणारी व्यक्ती ती हीच. २० ऑगस्ट रोजी सिडनी येथे अंतिम सामन्यात मात्र स्पेनने १–० असे हरविले. त्याच वर्षअखेर २०२४ च्या ऑलिंपिकची पात्रताही थोडक्यात हुकली. यशस्वी माणसाच्या चरित्रातील ही पाने आपण मुलांना सांगत नाही, सांगावीत.

स्पेनशी हरल्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी युरोपीय संघटनेने वर्षातील उत्कृष्ट मार्गदर्शिका म्हणून त्यांचा गौरव केला. त्या वेळी स्पेनच्या विजयी मुली एका निराळ्या लढ्यात होत्या. त्यांच्या महासंघाच्या अध्यक्षाने पारितोषिक-समारंभात एका खेळाडूशी गैरवर्तन केले होते, ज्याबद्दल पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. श्रीमती वीगमन यांनी आपला सन्मान स्पेनच्या त्या संघास अर्पण केला व सभेला त्यांच्यासाठी टाळ्या वाजविण्याची विनंती केली. ज्यांनी आपणास हरविले त्यांच्या बाजूने उभे राहणे हे खिलाडूवृत्तीवरील अनेक निबंधांपेक्षा अधिक शिकविणारे आहे.

२०२५ ची स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये झाली. पहिलाच सामना इंग्लंड फ्रान्सकडून हरले. पुढे उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध २५ व्या मिनिटालाच संघ दोन गोलांनी मागे होता. पाऊण तासाहून अधिक काळ काहीच घडले नाही. अखेर बदली म्हणून आलेल्या केलीच्या फटक्यावर लूसी ब्राँझने ७९ व्या मिनिटाला गोल केला आणि दोन मिनिटांनी दुसरी बदली खेळाडू मिशेल अजेमांग हिने बरोबरी साधली. अजेमांग १९ वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, ती वेम्बली मैदानाच्या कडेला उभी राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देणारी शाळकरी मुलगी होती. तो सामना पेनल्टींवर जिंकला. उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध पराभव एका मिनिटावर आला असता, ९६ व्या मिनिटाला पुन्हा तिनेच बरोबरी केली. जादा वेळेच्या शेवटी केलीची पेनल्टी गोलरक्षिकेने अडविली, तेव्हा परत आलेला चेंडू केलीने गोलात मारला.

याच स्पर्धेत जेस कार्टर या खेळाडूस तिच्या वर्णावरून समाजमाध्यमांतून अत्यंत हीन शिवीगाळ झाली. इटलीविरुद्ध तिला विश्रांती देण्यात आली. त्यानंतर अंतिम सामन्यात, स्पेनसारख्या वेगवान संघापुढे, तिला पुन्हा बचावफळीत पहिल्या अकरांत उतरविले, आणि ती उत्तम खेळली. तिच्या बाजूने निवेदने पुष्कळ निघाली. मार्गदर्शिकेने तिला जागा दिली. २७ जुलै रोजी बाझेल येथे तो सामना १–१ असा बरोबरीत सुटला. पेनल्टींत हॅम्प्टनने दोन फटके अडविले, आणि इंग्लंडने ३–१ असा विजय मिळविला. शेवटचा फटका पुन्हा केलीचा.

या सर्व हकीकतीतील जो भाग शाळेशी सर्वांत निकट आहे तो अखेरीस घेतो. २०२२ चा विजय होऊन तीन दिवस झाले होते. संघातील सर्व २३ खेळाडूंनी मिळून, त्या वेळी पंतप्रधानपदासाठी उभ्या असलेल्या दोन उमेदवारांस एक खुले पत्र लिहिले. पत्र खेळाडूंचे होते, मार्गदर्शिकेचे नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते; ज्या संघात प्रत्येकीस बोलण्याची सवय लावलेली असते तोच संघ असे पत्र लिहितो. बक्षीस, घर किंवा नोकरी यांपैकी काहीही त्यांनी मागितले नाही. देशातील केवळ ६३ टक्के मुलींना शाळेच्या तासात फुटबॉल खेळावयास मिळतो, ही गोष्ट त्यांनी निदर्शनास आणली. प्रत्येक मुलीस तो मिळावा व शारीरिक शिक्षणास आठवड्यातून किमान दोन तास द्यावेत, एवढीच मागणी केली. मार्च २०२३ मध्ये तेथील सरकारने मुलामुलींना शाळेत खेळाची समान संधी देण्याचे धोरण जाहीर केले.

आपल्याकडे कागदोपत्री तरतूद कमी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण व प्रत्येक वर्गास आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य असावे असे नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेस ५,००० रुपयांपर्यंत क्रीडासाहित्याच्या अनुदानाची तरतूद करण्यात आली. नवी मुंबईच्या मैदानावर २०२२ साली आशियाई स्त्री-स्पर्धेचा अंतिम सामना झाला, आणि त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचाही. खेळ आपल्या दारापर्यंत आला आहे. शाळाभेटीत मात्र मला जे दिसते ते असे : चेंडू एक असतो, तो सातवीच्या मुलांकडे असतो, आणि मुली भिंतीच्या सावलीत उभ्या असतात किंवा फार तर लंगडी खेळतात. लंगडी उत्तम खेळ आहे. पण त्या तो आवडीने खेळतात की चेंडू मिळत नाही म्हणून, हे एकदा त्यांनाच विचारून पाहावे.

तेव्हा पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने पुढील गोष्टी करून पाहाव्यात. आठवड्यातील एक तास असा राखावा की त्या तासाला चेंडू केवळ मुलींकडे असेल. मैदान लहान असल्यास पाच-पाच जणींचे संघ करावेत व दर दहा मिनिटांनी ते बदलावेत. प्रत्येक मुलीस खेळ सुरू होण्यापूर्वी एका वाक्यात तिचे काम सांगावे. निकाल लिहून ठेवणे, वेळ पाहणे व शिटी वाजविणे हीही कामे आळीपाळीने मुलींनाच द्यावीत. सलवार-कमीज वा गणवेशाच्या झग्यात धावणे अवघड जाते, याविषयी शाळा व्यवस्थापन समितीतील मातांशी मोकळेपणाने बोलावे. बहुतेक ठिकाणी तोड निघते. ज्या शाळेत स्त्री-शिक्षिका आहेत तेथे त्यांनी स्वतः मैदानात उतरावे. नसल्यास गुरुजींनी हे काम आपले नव्हे असे मानू नये. स्पर्धेसाठी संघ निवडला तर न निवडलेल्या प्रत्येक मुलीस निवडीच्या आधी, एकटीला, कारण सांगावे. हा तास कोणत्या वारी ठेवावयाचा ते मुख्याध्यापकांनी ठरवावे व वेळापत्रकात लिहावे. पुढील शाळाभेटीच्या वेळी मी त्या वेळापत्रकाची प्रत मागेन आणि तो तास चालू असल्यास तेवढा वेळ मैदानावर थांबेन.